नाजूक बहुवर्षायू झाडं गोठवणाऱ्या हिवाळ्यातून जगवताना: आधी काय, नंतर काय

डेलियाचे कंद वेळेवर काढले, खोक्यात भरले, गोठणार नाही अशा खोलीत ठेवले. तरी थंडी सरल्यावर खोकं उघडावं तर निम्मे कंद बोटानं दाबताच फुटतात. जिरेनियमची कुंडी घरात आणली, रोज पाणी घातलं, आणि महिनाभरात खोड बुडापासून काळं पडलं. या दोन तक्रारी दरवर्षी कानावर येतात आणि दोन्ही वेळा खापर थंडीवर फुटतं. खरं तर थंडीतून ते झाड वाचलेलं असतं. त्याचा घात करतात ओल, कोंडलेली हवा आणि कामांचा चुकलेला क्रम. म्हणून हा लेख क्रमानंच लिहिला आहे. मधलाच टप्पा उचलू नका.

जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो तिथेच ही खटपट लागते. झाडं कोणती? जी मूळची अनेक वर्षं जगणारी आहेत, गारवा आरामात सोसतात, पण खरी गोठण आली की तग धरत नाहीत अशी. रोपाच्या चिठ्ठीवर ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची श्रेणी छापलेली असेल तर ती बघा: एच२ म्हणजे १ ते ५ अंश सेल्सिअसपर्यंत सोसणारं, एच३ म्हणजे उणे ५ ते १ अंशापर्यंत. या दोन श्रेणींतल्या झाडांना मदत लागतेच. एच१ असेल तर ते झाड याहूनही नाजूक. ते बाहेर ठेवण्याचा विचारच नको.

गोठणीत नेमकं काय होतं हे एकदा कळलं की पुढची निम्मी कामं आपोआप उलगडतात. पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी आधी गोठतं, तो बर्फ पेशींतलं पाणी बाहेर ओढतो आणि पेशींची आवरणं फाटतात. सकाळी बर्फ वितळला की पान लोळागोळा होऊन काळं पडतं. कोवळ्या, रसरशीत फुटीत पाणी जास्त, म्हणून ती आधी जाते. जून, कडक झालेली फांदी टिकते. जमिनीखालचा कंद मातीच्या उबेमुळे वाचतो, पण कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी गारठा लागतो.

## टप्पा १: आधी झाडांचे तीन गट पाडा

सगळ्या झाडांना एकच उपाय लावणं ही पहिली चूक. वही घ्या, बागेतून एक फेरी मारा आणि प्रत्येक झाड यांपैकी एका गटात लिहा.

काढून ठेवायची: जमिनीखाली साठा करणारी आणि हिवाळ्यात पूर्ण झोपणारी. डेलिया, कर्दळ, ग्लॅडिओलस, कंदाचा बिगोनिया.

आत आणायची: खोड आणि थोडीफार पानं धरून राहणारी. कुंडीतलं जिरेनियम (म्हणजे पेलार्गोनियम, खरं जिरेनियम काटक असतं, त्याला हे काही लागत नाही), फुशिया, ऑस्टिओस्पर्मम, अर्गिरँथेमम.

जागेवरच पांघरायची: मूळ काटक, वरचा भाग नाजूक. पेनस्टेमन, झुडूपवजा साल्व्हिया, अगापँथस, मुसा बासजू ही शोभेची केळ. हिवाळा सौम्य आणि माती निचऱ्याची असेल तर डेलियाही याच गटात टाकता येतो.

आत किती जागा आहे हेही आताच मोजा. उजेडाची, न गोठणारी जागा प्रत्येकाकडे बेताचीच असते. माझं स्पष्ट मत असं की जागा कमी असेल तर जुनी, लाकडी झालेली जिरेनियम आणि अर्गिरँथेमम जपत बसू नये. त्यांची छाट कलमं ठेवावीत. एका मोठ्या कुंडीच्या जागेत आठ-दहा कलमं मावतात आणि पुढच्या वर्षी तीच जास्त जोमानं फुलतात.

## टप्पा २: उन्हाळा सरता सरता खत थांबवा, कलमं करा

हे काम थंडीची चाहूल लागण्याच्या कितीतरी आधीचं आहे, आणि म्हणूनच ते राहून जातं. उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यांत (अशा थंड प्रदेशांत साधारण ऑगस्टअखेर) नत्रयुक्त खत पूर्ण बंद करा. उशिरा दिलेल्या नत्रानं लुसलुशीत फूट येते आणि पहिल्या गोठणीत तीच सगळ्यात आधी जाते. याच सुमारास जोराची छाटणीही करू नका. छाटणी म्हणजे झाडाला नव्या फुटीचं आमंत्रण.

कलमं मात्र आताच. फूल नसलेला शेंडा निवडा, पेराच्या अगदी खाली धारदार पात्यानं कापा, लांबी ७ ते १० सेंमी. खालची पानं काढा, शेंड्याला कळी असेल तर तीही खुडा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे दाणे; नसेल तर जाड वाळू) समसमान घेऊन लहान कुंडी भरा आणि कलमं कुंडीच्या कडेकडेनं खोचा. मध्यभागापेक्षा कडेला निचरा चांगला होतो, मुळं लवकर धरतात.

फुशिया आणि साल्व्हियाच्या कलमांवर सुरुवातीला पारदर्शक पिशवी घाला, म्हणजे पानं कोमेजत नाहीत. रोज थोडा वेळ ती उघडून हवा लागू द्या. जिरेनियमवर पिशवी अजिबात नको. त्याच्या लवदार पानांवर आणि मांसल देठात ओल कोंडली की बूड काळं पडतं.

तपासा: तीन-चार आठवड्यांनी कलम हलकेच ओढून बघा. अडल्यासारखं वाटलं तर मुळं धरली. उपटून बघू नका.

## टप्पा ३: फुलं असतानाच नावं बांधा, थर्मामीटर लावा

पानं काळी पडल्यावर तांबडा डेलिया कोणता आणि पिवळा कोणता हे कुणालाच सांगता येत नाही. झाड फुललेलं असतानाच खोडाच्या तळाशी, जमिनीपासून चार बोटांवर, नावाची पट्टी सैल बांधा. पेन्सिलीनं लिहा, शाई पुसट होते. पट्टी कंदाला बांधू नका, कारण वाळताना कंद आक्रसतो आणि पट्टी गळून पडते.

रात्रीचा नीचांक नोंदवणारा थर्मामीटर बागेतल्या सगळ्यात खोलगट जागी लावा. थंड हवा जड असते; ती उताराकडे वाहते आणि भिंतीच्या किंवा कुंपणाच्या आड साचते. वरची बाजू सुखरूप आणि दहा पावलांवरचा वाफा करपलेला, असं होतं ते याचमुळे. आकाश निरभ्र, वारा पडलेला, अशी रात्र सर्वात धोक्याची. हवामानाच्या अंदाजातला आकडा माणसाच्या उंचीच्या आसपासच्या हवेचा असतो. अंदाज ३ अंशांचा असला तरी त्या रात्री जमिनीलगत दव गोठू शकतं.

## टप्पा ४: कोण आधी, कोण नंतर

सर्वाधिक नुकसान याच टप्प्यावर होतं, कारण लोक एका सुटीच्या दिवशी सगळंच उरकून टाकतात. प्रत्येक झाडाची वेळ वेगळी आहे.

१. रात्री सातत्यानं ५ अंशांकडे उतरू लागल्या की जिरेनियम, फुशिया, अर्गिरँथेमम आत. यांना एकही गोठण लागू द्यायची नाही.

२. कंदाचा बिगोनिया पानं पिवळी पडून देठ आपोआप सुटू लागले की काढायचा. देठ ओढून तोडू नका. कंदावर जखम राहते आणि कूज तिथूनच आत शिरते.

३. ग्लॅडिओलस पानं पिवळी-तपकिरी झाली की.

४. डेलिया आणि कर्दळ सगळ्यात शेवटी. पहिल्या गोठणीनं पानं काळी पडू द्या. दिवस लहान होत जातात तसा डेलिया कंदांत साठा भरतो; घाईनं काढलेले कंद बारीक, पाणचट राहतात आणि साठवणीत सुरकुततात.

सावधान: पानं काळी पडण्याची वाट बघायची, जमीन गोठण्याची नाही. काळी पानं दिसली की आठवड्याभरात कंद बाहेर.

## टप्पा ५: डेलिया काढणं आणि वाळवणं

कोरडा दिवस निवडा. सिकेटरनं (छाटणीच्या कात्रीनं) खोडं जमिनीपासून १५ सेंमीवर कापा. नावाची पट्टी जागेवर आहे ना, ते बघा.

काट्याचं फावडं खोडापासून ३० सेंमी लांब रोवा. जवळ रोवलंत तर कंद भोसकले जातील. एका बाजूनं उचकटायचं नाही. चारी बाजूंनी थोडं थोडं सैल करत या, मग खालून हात घालून पूर्ण गड्डा उचला. खोडाला धरून ओढू नका. यामागचं कारण नीट समजून घ्या: डेलियाचे डोळे (ज्यातून नवा कोंब फुटतो ते) कंदावर नसतात, कंद आणि खोड जुळतात त्या माथ्यावर असतात. कंदाची मान पातळ असते, ओढताना तिथेच मोडते. मान मोडलेला कंद कितीही गलेलठ्ठ असला तरी फुटणार नाही. हातात धरून हलवल्यावर एखादा कंद लुळा लोंबत असेल तर तो तिथेच काढून टाका.

भुसभुशीत माती हातानं झटका. चिकण माती असेल तर पाण्यानं धुवायला हरकत नाही, मात्र मग वाळवणीला जास्त दिवस द्या. बारीक मुळ्या, कापले गेलेले आणि मऊ पडलेले भाग धारदार सुरीनं पांढरा, कडक गर लागेपर्यंत छाटा.

आता लोकांच्या हातून सर्रास सुटणारी पायरी. डेलियाचं खोड पोकळ असतं आणि त्यात पाणी साचलेलं असतं. गड्डा सरळ ठेवला तर ते पाणी हळूहळू माथ्यात उतरतं आणि डोळे असतात तोच भाग कुजतो. म्हणून गड्डा उलटा, खोड खाली करून, जाळीवर किंवा फळ्यांच्या फटींवर ठेवा. हवेशीर, न गोठणारी, सावलीची जागा. दोन ते तीन आठवडे. उन्हात किंवा हीटरशेजारी वाळवू नका, वरची साल तडकते आणि आतली ओल तशीच राहते.

तपासा: खोडाचा कापलेला भाग कोरडा, साल हाताला कागदासारखी, कंद मात्र दाबल्यावर टणक. तिन्ही जुळल्याशिवाय खोकं भरायला घेऊ नका.

## टप्पा ६: साठवण, प्रत्येकाची वेगळी

डेलिया: पुठ्ठ्याचं किंवा भोकं असलेलं खोकं, तळाला वर्तमानपत्र. कंद एकमेकांना टेकणार नाहीत असे मांडा, भोवती कोरडी वाळू, लाकडाचा भुसा किंवा कोरडं कोकोपीट भरा, माथा उघडा ठेवा. जागा अंधारी, ४ ते ८ अंशांची. घरातल्या उबदार कपाटात कंद सुकतात किंवा अवेळी फुटतात.

कर्दळ: डेलियासारखी ठणठणीत कोरडी ठेवली तर गड्डे वाळून मरतात. खोडं १५ सेंमीवर कापा, थोडी माती गड्ड्यांना राहू द्या आणि जेमतेम दमट कोकोपीटमध्ये ठेवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये, इतकंच दमट.

बिगोनिया: पूर्ण कोरडा, कोरड्या वाळूत, खोलगट बाजू वर.

ग्लॅडिओलस: पानं कापून दोन-तीन आठवडे वाळवा. नव्या कंदाच्या बुडाला चिकटलेला जुना, सुरकुतलेला कंद पिळून वेगळा करा आणि टाकून द्या. उरलेले जाळीच्या पिशवीत टांगा.

सावधान: बंद प्लास्टिकच्या पिशवीत काहीही ठेवू नका. वरवर कोरडा दिसणारा कंदही श्वसनातून पाणी सोडतो. ते पिशवीच्या आत जमतं आणि आठवडाभरात बुरशी धरते.

## टप्पा ७: कुंड्या आत आणताना

आत आणण्याआधी पानांची खालची बाजू बघा. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण एका कुंडीवर आला की थंडीभर सगळ्या कुंड्यांवर फिरतो. कुंडीच्या बुडाखाली गोगलगायी दडलेल्या असतात, त्याही काढा.

जिरेनियम तिसरा हिस्सा ते निम्मं छाटा. पिवळी पानं, फुलं, कळ्या सगळं उतरवा. ५ ते ७ अंश आणि भरपूर उजेड मिळाला की पुरे. पाणी मात्र हात राखून: कुंडीतली माती दोन पेरं खोलवर कोरडी लागली तरच, कडेनं, सकाळच्या वेळी आणि पानांना न लावता. हिवाळ्यात झाड जवळजवळ पाणी पीतच नाही. घातलेलं पाणी मुळांशी साचून राहतं.

फुशियाची पानं गळतील. घाबरून पाणी वाढवू नका, ते झोपलं आहे. पानं गळाल्यावर त्याला उजेडही फारसा लागत नाही. मातीचा गोळा पूर्ण वाळू द्यायचा नाही, इतकंच पथ्य.

काचेच्या किंवा प्लास्टिकच्या हरितगृहात ठेवत असाल तर आतून फुग्यांचं प्लास्टिक लावा आणि हीटर लागलाच तर थर्मोस्टॅट ३ ते ५ अंशांवर ठेवा. रॉकेलचा हीटर मला या कामाला पसंत नाही. जळणाऱ्या प्रत्येक लिटर रॉकेलमागे साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन आत सुटतं, आणि करड्या बुरशीला नेमकं तेच हवं असतं. ऊबदार दुपारी तास-दोन तास झडप उघडा.

## टप्पा ८: जागेवर पांघरूण घालताना

पेनस्टेमन आणि साल्व्हियाची वाळकी खोडं वसंत येईपर्यंत कापू नका. बाग नीटनेटकी दिसावी म्हणून केलेली ही छाटणी कित्येक झाडांच्या मुळावर येते. ती खोडं बुडाला आडोसा देतात, आणि गोठण लागली तर आधी शेंडे जळतात, बूड वाचतं.

आच्छादन १० ते १५ सेंमी जाड हवं: पालापाचोळा, पेंढा, सालीचे तुकडे. पसारा बुंध्यापासून हातभर घ्या, मुळं तिथवर असतात. सदाहरित अगापँथसच्या पानांच्या मध्यात मात्र पाचोळा कोंबू नका. पानं झडणाऱ्या प्रकारांवर बिनधास्त घाला. डेलिया जमिनीतच ठेवणार असाल तर कापलेल्या पोकळ खोडांची तोंडं झाकली जातील असं बघा. आच्छादन माती ओलसर पण न साचलेली असताना घालायचं. चिबड जमिनीवर घातलेलं पांघरूण कूज वाढवतं. तिथे कंद काढणं हाच मार्ग.

केळीची पानं उतरवा, खोडाभोवती तारेच्या जाळीचं नळकांडं उभं करा, आत सुका पेंढा सैलसर भरा आणि वर पाऊस अडवणारं टोपण ठेवा. टोपण विसरलात तर पेंढा भिजतो आणि खोड आतल्या आत सडतं.

अधूनमधून येणाऱ्या गोठणीसाठी पांढरं क्रॉप कव्हर (झाडांवर पांघरायचं हलकं, विरळ कापड) वापरा. १७ जीएसएमचा (चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचा) एक थर साधारण २ अंशांचा फरक पाडतो. कडाका जास्त असेल तर दोन थर किंवा ३० जीएसएमचं कापड. काठ्यांचा सांगाडा करून ते पानांना न टेकता जमिनीपर्यंत आणा आणि कडा दगडांनी दाबा, कारण ऊब मातीतून वर येते. झाडाच्या शेंड्याभोवती गुंडाळून खोडाशी गाठ मारली तर मातीची ऊब बाहेरच राहते. दिवसा तापमान चढलं की कापड काढा.

बाहेरच राहणाऱ्या कुंड्या भिंतीला लावून, एकमेकींना चिकटवून, विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा. गोणपाट कुंडीला गुंडाळा, झाडाला नाही. बुडाची भोकं मोकळी हवीत.

## टप्पा ९: थंडीभर, तीन-चार आठवड्यांनी एकदा

साठवलेलं विसरून जाणं हीच शेवटची मोठी चूक. दर फेरीला प्रत्येक कंद हातात घ्या.

- मऊ, वास मारणारा: लगेच बाहेर. लहानसा डाग असेल तर पांढऱ्या गरापर्यंत कापा, दोन दिवस उघडा वाळवा, मग परत ठेवा.
- सुरकुतलेला पण लवचीक: भोवतालच्या कोकोपीटवर पाण्याचा हलका फवारा. कंद भिजवू नका.
- कापसासारखी पांढरी बुरशी, कंद टणक: कोरड्या फडक्यानं पुसा, कोरडं माध्यम बदला, खोक्याला हवा वाढवा.
- लांबट, फिकट कोंब: जागा उबदार आहे. अधिक गार जागी हलवा.

कुंड्यांवरचं प्रत्येक पिवळं पान देठासकट काढा. करडी बुरशी मेलेल्या पानावर बसते आणि तिथून जिवंत खोडात उतरते.

## टप्पा १०: परत बाहेर, पण घाई नाही

शेवटच्या गोठणीच्या चार ते सहा आठवडे आधी डेलिया आणि कर्दळ कुंडीत, जेमतेम दमट मातीत, उजेडात ठेवा. डोळे फुगले की वाटणी करता येते. प्रत्येक तुकड्याला एक तरी डोळा आणि एक शाबूत कंद हवा. जिरेनियम आणि फुशियाला याच सुमारास नवी माती द्या, पाणी टप्प्याटप्प्यानं वाढवा. खत नवी फूट दिसल्यावरच.

बाहेरची सवय दोन-तीन आठवड्यांत लावा. पहिले काही दिवस फक्त दुपारी, आडोशाला, सावलीत, मग दिवसभर, मग सौम्य रात्री बाहेर. आतल्या मंद उजेडातली पानं एकदम कडक उन्हात आणली तर पांढरी होऊन करपतात, आणि तो दोष पुन्हा थंडीच्या माथी मारला जातो. क्रॉप कव्हर अजून घडी करून ठेवू नका. उशिराची एखादी रात्र कोवळे कोंब घेऊन जाते.

जमिनीतल्या आच्छादनाखालून काही उगवत नाही म्हणून लगेच खणू नका. साल्व्हियाची साल बुडाजवळ नखानं खरवडा: आत हिरवं असेल तर जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडं असेल तर आणखी खाली खरवडा. वरची काठी पूर्ण मेलेली असली तरी मुळाजवळून फूट येऊ शकते, आणि ती उन्हाळा लागेपर्यंत रेंगाळते. तोवर तिथे नावाची काठी रोवून ठेवा, म्हणजे रिकामी जागा समजून दुसरं काही लावताना खुरपं नेमकं त्याच कोंबावर पडणार नाही.